कपाटाचे दार

चित्रकलेच्या खोलीतील लोखंडी कपाटाचे दार त्या दिवशी कोणाच्याही बोटावर आपटले नव्हते. तसे मी सांगितले, मुख्याध्यापकांच्या वहीत स्वतःच्या सहीने लिहूनही दिले, आणि अकरा वर्षे सर्वांनी ते खरे मानले. नववीतल्या एका मुलीच्या उजव्या हाताची तर्जनी मी मोडली होती. लाकडी फूटपट्टीने, आणि तीही उभी धरून, कडेने.

श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापूरजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवतो. माझा आवाज लहान आहे. सहकारी मला मवाळ म्हणत आणि मला ते आवडत असे. मी कधी ओरडलो नाही, कारण ओरडण्याचे काम फूटपट्टी करत असे. माझ्या वडिलांनी मला बैलाच्या कासऱ्याने मारले होते. त्या मानाने आपण सौम्य आहोत, असा हिशेब मी मनाशी मांडला होता. पट्टीचा सपाट भाग तळहातावर पडला की फट् असा आवाज होई, मागच्या बाकापर्यंत शांतता पसरे, आणि मी त्या शांततेला शिस्त म्हणत असे.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचा माझा निकाल तालुक्यात नावाजलेला होता. त्यात स्मरणचित्राचा एक पेपर असतो. विषय दिला जातो आणि विद्यार्थ्याने आठवणीतून प्रसंग रंगवायचा असतो. मुलांच्या आठवणीवर मात्र मी कधी विसंबलो नाही. माझ्याजवळ बारा तयार आकृत्या होत्या. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, छत्रीवाला, काठी टेकणारा म्हातारा, फुगेवाला, आईचे बोट धरलेले मूल, असेच आणखी काही. जत्रा असो, बसस्थानक असो की बाजार, याच मंडळींना जागा बदलून बसवायचे. बहुतेक सगळे पाठमोरे, कारण चेहरा चुकतो. माझ्या वर्गातली चाळीस मुले चाळीस कागदांवर एकच फुगेवाला काढत, आणि परीक्षकांना तो दर वर्षी आवडे.

या मुलीची आई गावात मटणाचे दुकान चालवत असे. नवरा गेल्यावर सत्तूर तिनेच हाती घेतला होता. शाळेआधी मुलगी मटण तोडायच्या ओंडक्यामागे उभी राहून पिशव्या बांधी. तिच्या वह्यांना मांसाचा वास येतो, अशी तक्रार शेजारच्या बाकावरची मुले करत. मी ती तक्रार ऐकून घेत असे आणि तिला खिडकीजवळ बसवत असे. आज आठवले की त्या बसवण्याचीही मला लाज वाटते.

सराव परीक्षेच्या आठवड्यात, बाजारच्या दिवशी, त्यांच्या दुकानासमोर दोन चुलतभावांची जुंपली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. धाकट्याने ओंडक्यावरचा सत्तूर उचलून थोरल्याच्या दंडात घातला. दंड खांद्यापासून कोपरापर्यंत उघडा पडला. लोक पळाले. मुलीची आई पळाली नाही. तिने धाकट्याचे मनगट धरले आणि सत्तूर सुटेपर्यंत ते लाकडी फळीवर आपटत राहिली. मनगट मोडल्यावरच तो सुटला, असे गावात सांगत.

चार दिवसांनी मी फळ्यावर स्मरणचित्राचा विषय लिहिला, ‘आठवडे बाजार’.

तासाभराने फिरत तिच्या बाकापाशी गेलो. तिच्या कागदावर फुगेवाला नव्हता, छत्रीवालाही नव्हता. एक माणूस गुडघ्यावर आला होता आणि त्याचा दंड फाटलेल्या उशीसारखा उसवला होता. दुसऱ्याचे तोंड उघडे होते, दात दिसत होते. त्याच्या मनगटाभोवती एका बाईची बोटे रुतली होती आणि त्या बोटांची पेरे जोर लावून पांढरी पडली होती. एकही माणूस पाठमोरा नव्हता. मागे एक बकरे टांगलेले होते, आणि त्याचे स्नायू आणि माणसाच्या दंडाचे स्नायू एकाच जाणत्या हाताने काढलेले होते.

ते चित्र उत्तम आहे हे मला त्याच क्षणी कळले होते. हे मी पुढची अकरा वर्षे कोणालाही सांगितले नाही.

“हे काय आहे?” मी विचारले.

“बाजार हाय, सर.”

“बाजारात फुगेवाला नसतो का?”

“असतो की. पन त्या दिवशी सगळ्यात आधी त्योच पळाला.”

वर्ग हसला. मोठ्याने, मनापासून हसला. माझ्या बारा आकृत्यांना हसला, असे मला वाटले.

मी तिला हात पुढे करायला सांगितले. तिने डावा केला. मी म्हणालो, “ज्या हाताने काढलंस तो.” पहिली पट्टी तळहातावर बसली, दुसरीही. ती रडली नाही. माझ्या चेहऱ्याकडे अभ्यास केल्यासारखी पाहत राहिली. ते पाहणे मला सहन झाले नाही. तिसऱ्या वेळी तिने हात थोडा वळवला आणि मी मनगट फिरवून पट्टी उभी केली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तर्जनी मधल्या पेरापाशी बाजूला कलली होती. नखाखालून रक्त आले आणि बाजाराच्या चित्रावर सांडले.

मुख्याध्यापकांच्या खोलीत मी माझ्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो, “कपाटाचं दार लागलं.” त्यांनी मुलीकडे पाहिले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. “व्हय सर. माजीच चूक. मी आत हात घातला हुता.”

मी तिला स्वतःच्या मोटारसायकलवर श्रीरामपूरला डॉक्टरांकडे नेले. तेथेही दारच सांगितले. बोट जुळले, पण वाकडे जुळले; मधला सांधा पुन्हा सरळ झाला नाही. त्या वर्षी तिची परीक्षा बुडाली.

तिच्या आईने मात्र माझे पाय धरले. “सर, तुमी व्हता म्हनून पोरीला येळेवर नेलं. लई धांदरट हाय ही.” त्यानंतर दर रविवारी दुकानातून माझ्या घरी एक पिशवी येई. चांगला वाटा आणि वर कलेजी. माझी पत्नी म्हणे, “त्या बाईचं मन मोठं आहे.” मी जेवत असे. अकरा वर्षे मी ते मटण खाल्ले, हाडे चोखली, आणि ताटावरून उठून हात धुतले. आता ती पिशवी येत नाही.

पेन्सिल धरायला मुलगी नव्याने शिकली. अंगठा आणि मधले बोट यांत पेन्सिल, तर्जनी नुसती वर अधांतरी. माझ्याच तासाला, खिडकीजवळ. मी पाहत होतो. दहावीनंतर तिने मला सांगितले की तिला मोबाईलवरच्या गेममधली चित्रे काढायची आहेत. मी म्हणालो, ती तर संगणक काढतो. ती हसली. “संगनकाला काय म्हाईत राक्षस कसा दिसतो? आधी कुनीतरी कागदावर काढावा लागतो.” खेळातली माणसे, जनावरे, शस्त्रे आणि शत्रू खेळात उतरण्याआधी कोणीतरी रेषेने घडवतो, आणि त्यावर पोट भरता येते, हे मला माझ्या विद्यार्थिनीकडून कळले.

ती नगरला कला महाविद्यालयात गेली. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे श्रीरामपुरात फ्लेक्सच्या दुकानात तिने पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक जुळवले. “दिवसभर दादांच्या मिशा काळ्या करते, सर,” ती म्हणे, “अन् सुट्टीच्या दिवशी त्यांचीच मुंडकी उडवते.” दर दिवाळीला ती वह्या दाखवायला येई. पाने रक्ताने माखलेली असत. कण्यातून उपसलेले भाले, फाडलेले जबडे, सहा हातांची जनावरे. परंतु त्यांचे सांधे जागच्या जागी असत. सत्तूर कुठे घातला की हाड सुटते हे तिला ठाऊक होते. “खोट्या जनावराला खरे सांधे लागतात, सर. न्हाईतर ते हालत न्हाई.” मी पान उलटताना प्रत्येक राक्षसाचा उजवा हात आधी पाहत असे. एकाचेही बोट मोडलेले नव्हते. त्याने मला हायसे वाटे, आणि त्या हायसे वाटण्याचीच मला अधिक शरम वाटे.

खरे का सांगितले नाहीस, हे मी तिला एकदाच विचारले, तिच्या महाविद्यालयाच्या अर्जावर शिफारस लिहून देताना. ती सहज म्हणाली, “आईनं तुमाला तोडलं असतं सर. मग ती जेलात, अन् मी ओंडक्यावर. माजी शाळा सुटली असती.” म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीने माझा बचाव केला होता तो शाळेत टिकून राहण्यासाठी. त्यानंतरही मी गप्प राहिलो. तिच्या आईसमोर बोलायचे उरले होते आणि तेच मला जमत नव्हते.

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने तिला परीक्षेचे काम दिले. आठवड्याभरात एक शत्रू रचायचा आणि त्याच्या एका वाराचे तीन टप्पे काढायचे. उगारलेला हात, बसलेला वार, आणि वारानंतरचा क्षण. जमले तर नोकरी, नाहीतर पुन्हा मिशा. तिने मला दुकानामागच्या अंगणात बोलावले. दुपारची वेळ होती. दुकान आवरून तिची आई मीठ टाकून ओंडका घासत होती. सत्तूर शेजारीच होता. पाण्याच्या पिंपावर मुलीने चित्रीकरणासाठी मोबाईल टेकवून ठेवला.

“सर, मला मारनारा मानूस पाहिजे.”

“मीच का?”

“दुसरं कोन हाय? आईला सांगितलं तर ती खरंच तोडती.”

“मंग?” आई ओंडक्यावरून म्हणाली, “खोटं मारायला येतं व्हय कुनाला? घ्या सर, ह्यो सत्तूर घ्या. जपून, कालच धार लावलीय.”

“सत्तूर नको गं. चपटं पाहिजे.” मुलीने पेरूच्या मोडक्या खोक्याची एक पट्टी उपसली आणि माझ्या हातात दिली. लांबी साधारण फूटभर होती.

मी पट्टी उगारली आणि हवेत खाली आणली.

“अवो सर,” तिची आई हसली, “माश्या हाकलताय का?”

मुलगी मोबाईलमागून पाहत होती, तीच जुनी अभ्यासाची नजर. “असं न्हाई, सर. आधी खांदा मागं जातो. मग खालचा ओठ दाताखाली. अन् वार बसायच्या आत मनगट फिरतं, पट्टी उभी व्हती. एवढं करा.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. कारागीर माप सांगतो तसे ती सांगत होती. आणि माझ्या शरीराला ते सारे पाठ होते. खांदा गेला, ओठ गेला, मनगट फिरले. पट्टी ओंडक्यावर कडेने बसली आणि दुभंगली. तिचा तुकडा पिंपावर आदळला, मीठ उडाले, दावणीचे बकरे ओरडले.

“हेच!” ती म्हणाली. “दोन झाले. आता तिसरा, वार झाल्यावरचं तोंड. तेच मला येत न्हाई. ते मी बघितलंच न्हाई कदी.”

आईचा मिठाचा हात थांबला. “अन् पैली दोन कुठं बघितली गं?”

“असंच गं आई. मोबाईलवर.”

तिने ते चटकन सांगितले, मान हलवून, मुख्याध्यापकांच्या खोलीत सांगितले होते तितक्याच तयारीने. पंचविशीची ती बाई पुन्हा माझ्यासाठी खोटे बोलली. तिच्या आईने माझ्या हातातल्या मोडक्या पट्टीकडे पाहिले, मग मुलीच्या वर उचललेल्या वाकड्या तर्जनीकडे. मग माझ्याकडे. सत्तूर तिच्या हाताजवळ होता आणि तिचा हात त्याच्यावर होता की ओंडक्यावर, हे मला नीट दिसत नव्हते. मोबाईल चालूच होता. बंद कर, असे मी म्हटले नाही.

“ताई,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मला ओळखू येईना इतका मोठा निघाला, “कपाटाचं दार लागलं नव्हतं. तुमच्या मुलीचं बोट मी मोडलं. फूटपट्टी उभी करून, ठरवून. ती धांदरट नव्हती. तिचं चित्र माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून मी मारलं, आणि मग तिच्यावरच खोटं ढकललं. अकरा वर्षं तुमच्या घरचं खाल्लं आणि बोललो नाही. तुम्ही मला काय करायचं ते करा.” मग मी मुलीकडे वळलो. “तुझा बाजार खरा होता, बाळ. मी चुकलो. मला माफ कर.”