कॅम्पसवर आई म्हणायचं नाही

मोठ्या युनिव्हर्सिटीत किस्से घडतात आणि विरून जातात. हजारो मुलं, कोण कोणाला ओळखतंय! आमच्याकडे तसं नाही. डब्लिनच्या सिटीवेस्ट भागात, ऑफिसांच्या गर्दीत एक दोन मजली इमारत, समोर कार पार्क, आत एकच जिना, एकच कॅन्टीन आणि एकच मायक्रोवेव्ह. म्हणायला खाजगी युनिव्हर्सिटीचा कॅम्पस, पण माझी पुण्यातली शाळासुद्धा याहून मोठी होती. अशा ठिकाणी एखादी गोष्ट घडली की तिला बाहेर पडायला वाटच नसते. ती तिथेच राहते, दुसरी येऊन तिच्यावर बसते, आणि मग मैत्रिणी भेटल्या की विचारतात, "वैशाली, कॅम्पसचं काय नवीन?" परवा एकजण म्हणाली, लिहून काढ. म्हटलं, काढते. निषाद काही हे वाचणार नाही. माझ्या लेकाला मराठी समजतं, वाचता येत नाही. बरंच आहे ते!

*

मी आयर्लंडला आले ती डॉक्टरची बायको म्हणून, कागदोपत्री डिपेंडंट. अभयच्या ट्रेनिंगपायी आधी कासलबार, मग वॉटरफोर्ड, मग डब्लिन. दर वेळी नवं हॉस्पिटल, नवं घर, आणि किचनमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या कपाटात, पुन्हा पहिल्यापासून डबे लावा. पुण्याला केलेली स्टॅटिस्टिक्सची एमएस्सी त्या डब्यांच्या मागे कुठेतरी गेली. निषाद कॉलेजात जायला लागला तसं घर फारच शांत झालं. मी डेटा ॲनालिटिक्सच्या डिप्लोमाला अर्ज केला. घराजवळ एकच कॉलेज होतं. निषादचं!

त्याने जेवता जेवता चमचा खाली ठेवला. "आई, नो. आय गो देअर!"

बरीच वाटाघाट झाली आणि त्याने अटी घातल्या. कॅम्पसवर त्याच्या टेबलापाशी बसायचं नाही. मराठी बोलायचं नाही. बाळा म्हणायचं नाही. त्याने मला आई म्हणायचा तर प्रश्नच नव्हता. आम्ही एकमेकांना ओळखतच नाही, असं ठरलं.

"अरे, पण आडनाव?" मी म्हटलं. "दोघंही पाटील."

"दॅट्स ग्रँड, आई. दे थिंक इट्स लाइक मर्फी. एव्हरीवन इज अ पाटील!"

हसले मी, पण खरं सांगते, वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा विद्यार्थिनी होणार, आणि जिथे होणार तिथेच माझा मुलगा मला ओळख दाखवणार नाही. डिप्लोमा हवाच होता. पण त्याहून जास्त हवं होतं ते एवढंच, की या वर्षात एकदा तरी त्या इमारतीत, चार लोकांत, त्याने मला आई म्हणावं. अभयला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, त्याच्या वयाचा असू दे की त्याला!" डॉक्टर लोक असंच काहीतरी बोलतात.

*

पहिल्याच आठवड्यात मी घोळ केला.

दुपारची वेळ, कॅन्टीन भरलेलं. तो त्याच्या मित्रांबरोबर एका कोपऱ्यात, मी माझ्या ब्राझिलच्या वर्गमैत्रिणीबरोबर, लुआनाबरोबर, दुसऱ्या कोपऱ्यात. निषाद भराभर चिकन रोल खात होता. हा मुलगा लहानपणापासून घास न चावता गिळतो. व्हायचं तेच झालं. ठसका लागला.

आणि मी इकडून, अख्ख्या कॅन्टीनला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "निषाद, पाणी पी! वर बघ, वर!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. निषाद वर बघत होता, ते सवयीने. मी चटकन मोबाइल कानाला लावला आणि "हां हां, बोल गं" असं कोणाशीही न बोलता बोलायला लागले. लुआनाने आपल्या सूपमध्ये डोकं घातलं. कॅन्टीन चालवणारी बर्नी, साठीची, डोळ्यांवर कायम केसांची बट, काउंटरमागून शांतपणे बाहेर आली आणि तिने निषादसमोर पाण्याचा ग्लास ठेवला. तिला मराठीचं एक अक्षर येत नाही. मी मनात म्हटलं, बाई काय समजूतदार आहे! फोनचं नाटक छान वठलं असंच मला वाटत होतं.

*

इथे मुलगा सज्ञान झाला की कॉलेज आईबापांना त्याच्याबद्दल चकार शब्द सांगत नाही. प्रायव्हसी! मार्क किती, वर्गात येतो का, काही नाही. आपल्याकडे प्रिन्सिपॉल वडिलांना बोलावून घेतात, इथे वडील स्वतः गेले तरी गोड हसून चहा पाजून परत पाठवतात.

आम्हाला डेक्लन नावाचे सर आहेत. सर म्हटलेलं त्यांना आवडत नाही, नुसतं डेक्लन. एकदा कॉफी मशीनपाशी मी उभी असताना ते शेजारी आले आणि कपाकडे बघत म्हणाले, "एक असाइनमेंट आहे बरं का सेकंड इयरची. शुक्रवारी शेवटचा दिवस. एका मुलाने अजून सुरूदेखील केलेली नाही. चांगला मुलगा आहे. कोण ते मी अर्थातच सांगू शकत नाही." मग कॉफी घेऊन निघून गेले.

मला वाटलं, काय गप्पिष्ट माणूस आहे! माझ्यासारख्या नवख्या विद्यार्थिनीला काय करायचंय सेकंड इयरशी? पण आईचं डोकं, आणि निषाद सेकंड इयरलाच. घरी येऊन सहज विचारलं, "शुक्रवारी काही द्यायचंय का रे?"

निषाद पांढराफटक पडला. "हाउ डू यू नो?"

"कॅन्टीनमध्ये ऐकलं," मी म्हटलं. दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही, पण असाइनमेंट दिली. त्यानंतर वर्षभर डेक्लनना कॉफी मशीनपाशी असंच काहीबाही आठवत असायचं.

*

दिवाळीनंतर सासूबाई आल्या. कोल्हापूरजवळच्या गावाहून एकट्या विमानाने आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "नातवाचं कालिज दाव मला." नेमका तेव्हा कॉलेजचा फॅमिली डे होता. प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्यांना आणायचं, टेबलं मांडलेली, प्रत्येकावर विद्यार्थ्याच्या नावाची चिठ्ठी.

आता आली पंचाईत! सासूबाई कोणाच्या टेबलावर? निषादची आज्जी म्हणून त्याच्या, का माझ्या सासू म्हणून माझ्या? गाडीतच वाद झाला. सासूबाई ऐकत होत्या. आत गेल्यावर त्यांनी एक खुर्ची उचलली, दोन्ही टेबलांच्या बरोबर मधे, येण्याजाण्याच्या वाटेत ठेवली आणि पदर सावरून बसल्या.

बर्नी चहा घेऊन आली. सासूबाईंनी तिचा हात धरला आणि खणखणीत आवाजात ओळख करून दिली. "ह्यो माजा नातू, आन् ही माजी सून. माय-लेकरं एकाच साळंत शिकत्यात बग! आन् येड्यावानी एकमेकाशी बोलत न्हाईत!"

पण बर्नी म्हणाली, "ग्रँड, ग्रँड, लव्हली!" आणि गेली. मी आणि निषादने एकमेकांकडे बघून सुटकेचा निःश्वास टाकला. नशीब, इथे कोणाला मराठी येत नाही!

थोड्या वेळाने बर्नीने एका बशीत स्कोन, म्हणजे इथले गोडसर पाव, आणले. एक सासूबाईंना दिला, एक निषादला आणि एक मला, वाटेतली बाकीची टेबलं सोडून. सासूबाई म्हणाल्या, "गुनाची हाय बाई." त्यांना निघताना बर्नीचा हात सोडवेना.

*

निषादचं गणित चांगलं, पण स्टॅटिस्टिक्स डोक्यात शिरत नव्हतं. एका रविवारी मी कुकर उघडत होते आणि तो ओट्याशी उभा राहून कुरकुरत होता, की थोड्याशा लोकांना विचारून सगळ्या देशाचं कसं कळणार. मी चमच्यावर भाताची दोन शितं घेतली आणि त्याच्या हातावर ठेवली. "दाबून बघ. शिजलाय?"

"याह."

"मग आख्खा कुकर खाल्लास का बघायला? पण आधी ढवळायला हवा. नुसता वरचा भात घेऊन उपयोग नाही. कळलं?"

त्याने शितं तोंडात टाकली. "दॅट्स ॲक्चुअली क्लास," म्हणाला. पोरगं आपलं कौतुक करतंय हे कळायला मला जरा वेळ लागला!

पुढच्या आठवड्यात मी लायब्ररीत बसले होते तर सेकंड इयरची तीन आयरिश पोरं समोर येऊन उभी. "सॉरी, आर यू द राइस लेडी?" निषादने त्यांना सांगितलं होतं, की डिप्लोमाच्या वर्गात एक बाई आहेत, त्या फार छान समजावतात. एक बाई! आणि त्या पोरांच्या मागे, वही छातीशी धरून, तो स्वतःच उभा.

"हाय, वैशाली," तो म्हणाला.

पोटच्या पोराने मला नावाने हाक मारली! सासूबाई असत्या तर खुर्चीतून पडल्या असत्या. मी इतकी गडबडले की तोंडातून निघून गेलं, "बस, बाळा."

निषादचे कान लाल. त्यातला एक, कॉनर नावाचा, म्हणाला, "बाळा म्हणजे काय?" आता काय सांगणार? म्हटलं, विद्यार्थ्याला म्हणतात आमच्याकडे. मग काय, बाकीच्या तिघांनाही म्हणावं लागलं. त्या दिवसापासून सेकंड इयरची सगळी पोरं माझी बाळं झाली. कॉनर तर जिन्यावर भेटला की आपण होऊनच, काय खबर अशा अर्थाने, ओरडतो, "हाउ'ज द क्रॅक, वैशाली? बाळा हिअर!" ज्याला म्हणायचं तो मात्र मान खाली घालून बाजूने निघून जायचा.

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचा कळणार नाही.

डिप्लोमाच्या शेवटी प्रत्येकाला आपल्या प्रोजेक्टवर हॉलमध्ये उभं राहून बोलायचं असतं. बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक येतात, प्रश्न विचारतात, आणि पास-नापास त्यावर ठरतं. आधी एक रंगीत तालीम झाली. मला सगळं येत होतं. पण समोर माणसं बसली, पाठीमागे मोठा पडदा उजळला, आणि इंग्रजी माझ्या घशातून उतरून कुठे गेलं कोण जाणे. दुकानात, बँकेत, निषादच्या शाळेत इतकी वर्षं बोलले मी इंग्रजी. पण ते कोणाची तरी बायको आणि कोणाची तरी आई म्हणून बोलले होते. स्वतःचं काही सांगायला उभी पहिल्यांदाच राहिले होते. डेक्लन म्हणाले, "नो बॉदर, पुढच्या वेळी." मी कार पार्कमध्ये गाडीत बसून पोटभर रडले.

रात्री जेवताना सांगून टाकलं, मी सोडते आहे. अभय म्हणाला, "अगं, होईल ग्रँड." निषादने ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं, जिन्यापर्यंत गेला, परत आला.

"यू कान्ट. हू'ज गोना एक्स्प्लेन रिग्रेशन टू द लॅड्स?"

आणि वर निघून गेला. मी सोडलं नाही.

*

आता शेवटचा दिवस. पास झाले, हे आधीच सांगून टाकते, कारण लोक तेच विचारतात आणि मग बाकीचं ऐकत नाहीत.

हॉल भरलेला. डेक्लन पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी परीक्षक बाई, बारीक चष्मा, कडक चेहरा. मागे लुआना आणि आमचा वर्ग, त्यांच्यामागे माझी बाळं, ओळीने. बर्नी दाराशी चहाचे कप मांडत होती. प्रोजेक्टर सांभाळायला एक विद्यार्थी लागतो, तर तिथे निषाद! मला घरी बोललाही नव्हता. नंतर म्हणाला, पिझ्झा फुकट मिळतो म्हणून आलो.

मी सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला परीक्षक बाईंनी हात वर केला आणि साधा प्रश्न विचारला, की तुम्ही हाच नमुना का निवडलात. साधाच! मी पडद्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. एकही शब्द येईना.

आणि पडदा काळाकुट्ट झाला.

"सॉरी!" टेबलाखालून निषादचा आवाज आला. "टेक्निकल इश्यू. माइट टेक अ मिनिट." तो वायरी ओढत होता, जोडत होता, पुन्हा ओढत होता. मग मला म्हणाला, "कुड यू होल्ड धिस, प्लीज?" मी वायर धरायला वाकले. प्लग त्याच्या हातातच होता, अगदी शाबूत. तो मान वर न करता पुटपुटला, "जस्ट से इट लाइक यू से इट टू मी."

पडदा उजळला. मी परीक्षक बाईंकडे बघितलंच नाही. निषादकडे बघितलं आणि त्याला सांगायला लागले. ओट्याशी उभी असल्यासारखी, बोट नाचवत, मधेच त्याला दटावत. सगळं आलं! नमुना आला, चुका आल्या, रिग्रेशन आलं. शेवटी वळले आणि परीक्षक बाईंना सवयीने विचारलं, "कळलं?"

बाईंनी मान हलवली. "येस," त्या म्हणाल्या. मग हॉलकडे वळून, "आणखी कोणाचा प्रश्न?"

प्रोजेक्टरपाशी एक हात वर गेला. कान लालबुंद.

"इट्स नॉट अ क्वेश्चन," निषाद म्हणाला. "जस्ट... शी इज माय मम."

मग पहिल्या रांगेतून, मागच्या ओळीतून, दाराशी कपांच्या मागून, सगळीकडून एकदमच आवाज आला, "वी नो, निश!"

परीक्षक बाई चष्मा काढून म्हणाल्या, "आय डिडन्ट."

आणि निषाद माझ्याकडे वळून, भर हॉलमध्ये, चक्क मराठीत ओरडला, "आई! तू सांगितलंस यांना?"