आमचा पी.पी. नंबर आणि बाबांचे न्यूजग्रुप

भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीत आमच्या रांगेला फोन एकच होता आणि तो आमच्या घरी. त्यामुळे रांगेतल्या प्रत्येकाच्या लग्नपत्रिकेवर आमचा नंबर छापलेला असायचा, पुढे पी.पी. लिहून. कुणाचा फोन आला की मी नाहीतर आई अंगणातून हाक मारायची आणि ज्याचा फोन तो हातातलं काम टाकून धावत यायचा. मग चहाही आमच्याकडेच. आईला याचा त्रास नव्हता. उलट ज्या दिवशी कुणाचाच फोन यायचा नाही, त्या दिवशी ती उगाच भांडी आपटायची.

मग बाबांनी कॉम्प्युटर घेतला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. बाबा कारखान्यात लेथवर होते, पण जीव सगळा जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत. आमच्या रेडिओची घरघर चंद्रपुरातल्या एकाही दुकानदाराला बंद करता आली नव्हती. इंटरनेटवर न्यूजग्रुप असतात, जगभरातले रेडिओवेडे तिथे एकमेकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं. झालं. ते वाचायला रीडर नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं हे कळल्यावर बाबा मासिकाबरोबर मिळालेली सीडी घेऊन बसले. माझ्यासाठी स्थळंसुद्धा पुढे त्यांनी इतकी बारकाईनं पाहिली नाहीत. एकाची अक्षरं बारीक, दुसरा फार प्रश्न विचारतो, असं करत करत शेवटी कॉम्प्युटरात आधीपासून असलेलाच पसंत पडला.

या रीडरची एकच अडचण होती. इंटरनेट यायचं फोनच्याच लाईनवरून, आणि ती जोडलेली असेपर्यंतच तो तिथली पत्रं दाखवायचा. बाबांचं इंग्रजी बेताचं. मांडीवर डिक्शनरी घेऊन, ओळीखाली बोट धरून ते वाचत बसायचे आणि तोवर फोन अडकलेला.

शेजारच्या मावशींची मुलगी वडशाला दिलेली होती. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे ती सासरीच होती. मावशी भाजी निवडायला म्हणून आमच्या पायरीवर येऊन बसायच्या.

"लाईन मोकळी हाय का बाई?" त्या आईला विचारायच्या.

"होते आता," म्हणत आई आत जायची आणि बाबांवर बरसायची. "तिच्या पोरीचा फोन येनार हाय, आन् तुम्ही काय करून राह्यले?"

बाबांना ते पटलं, म्हणून तर त्यांनी दुसरा रीडर शोधला. हा आधी सगळी पत्रं कॉम्प्युटरात आणून ठेवायचा, मग लाईन तोडून हवं तितका वेळ वाचत बसा. हे त्यांनी मावशींसाठीच केलं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण तिथे कारखान्यातली सवय नडली. स्टोअरमधून माल काढायचा तर पुन्हा खेप नको म्हणून एकदाच भरपूर काढून ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता. रेडिओच्या गटाबरोबर त्यांनी घड्याळांचा, आगगाड्यांचा, बागेचा, बुद्धिबळाचाही गट निवडला आणि रविवारी सकाळी सगळ्यांची सगळी पत्रं मागवली. स्क्रीनवरची निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली.

"आज एकदाच," बाबा म्हणाले. "मंग पाहा, लाईन दिवसभर मोकळी."

जेवणं झाली तरी पट्टी अर्ध्यावरच. मधे तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून बाबा तोडेनात. पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा पायरीवर मावशी दिसल्या. भाजी कधीच निवडून झाली होती, त्या नुसत्या बसल्या होत्या. बाबा तसेच आत गेले आणि त्यांनी मोडेमची वायर उपटली.

थोड्या वेळानं फोन वाजला. मावशींचा जावई होता.

"सकाळपासून लावून राह्यलो भाऊ, लागतच नाई. तिले दवाखान्यात नेलं. लय घाबरली हाय, मायले बलवा म्हणते."

मावशींचे यजमान ड्युटीवर होते. इस्त्रीच्या शर्टाशिवाय फाटकापर्यंतही न जाणारे बाबा रबरी चपला घालून मावशींबरोबर निघाले. चंद्रपूरपर्यंत एस.टी., तिथून वडशाची गाडी. पोहोचले तेव्हा मुलगी झालेली होती. दोघी सुखरूप होत्या. पण मावशींची पोर आईला हाका मारत होती तेव्हा आई गाडीत बसलेली होती, हे बाबांना सहन होईना. परत आल्यावर त्यांनी रेडिओचा सोडून सगळे गट काढून टाकले आणि तोही उघडेनात. मावशी त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत, हे तर फारच लागलं.

"दोन गोष्टी सुनावल्या असत्या तं बरं झालं असतं," ते आईला म्हणायचे.

सव्वा महिन्यानंतर लेक माहेरी आली, तशी मावशी नातीला घेऊन आमच्याकडे आल्या आणि तिला सरळ बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"बाई, त्या दिवशी माह्यामुळं तुम्हाले उशीर झाला," ते कसेबसे म्हणाले.

मावशींनी आधी बाळाचं टोपरं सारखं केलं. "उशीर कायचा, भाऊ? माह्या बाळंतपणाची चिठ्ठी माह्या मायले भेटली, तवा हिची माय रांगाले लागली होती. मी तं त्याच दिवशी पोचली."

बाबा रडले, आणि आईनं त्यांना रडू दिलं.