जगदाळे बाईंची पेन्शन

नंदा जगदाळे मे २०२३ मध्ये कळव्याच्या पालिका शाळेतून निवृत्त झाल्या. निरोप समारंभ वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या वर्गात झाला. रिकामे वर्ग तसेही बरेच होते. पट कमी होत होत चौथीला अकरा मुलं उरली होती. शाल-श्रीफळ झालं, समोसे झाले. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, "आता बाईंनी काही करायचं नाही. निवांत बसून पेन्शन खायची."

सगळे हसले. पाहुण्या म्हणून आलेल्या नीला कारखानीस मात्र हसल्या नाहीत. त्या याच शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. पंधरा वर्षं दोघींचे वर्ग भिंतीला भिंत लागून होते. नीलाबाई नोकरीला लागल्या एकोणनव्वद साली, नंदाबाई २००६ साली. मधे, २००५च्या नोव्हेंबरात, सरकारनं एक रेघ मारली होती. रेघेच्या आधी लागलेल्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, जीव असेपर्यंत. नंतर लागलेल्यांच्या पगारातून दरमहा काही रक्कम कापून घ्यायची, सरकारनं त्यात भर घालायची आणि ती बाजारात वाढेल तेवढी वाढेल. निवृत्तीला थोडे पैसे एकरकमी हातात, उरलेल्यातून महिन्याला जे काय येईल ते.

नंदाबाईंना महिन्याला येणार होते चार हजार तीनशे रुपये.

तशा त्या २००६च्या आधीही शिकवतच होत्या. कराडला डी.एड. केलं, उत्तम जगदाळ्यांशी लग्न होऊन कळव्याला आल्या आणि बारा वर्षं बालवाडीत मानधनावर काढली. मानधन इतकं की उत्तमराव म्हणायचे, तुझ्या येण्याजाण्याच्या चपला तरी निघतात का त्यात? वयाची अट सरता सरता पालिकेत शिक्षणसेवक म्हणून निवड झाली. आणखी तीन वर्षं तीन हजारांवर, मग कायम. बालवाडीची बारा वर्षं कुठल्याच कागदावर मोजली गेली नाहीत.

उत्तमराव खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांची स्वतःची पेन्शन एवढी किरकोळ, की ते तिला 'आमचं चहापाणी' म्हणत. त्यामुळे बायकोला पालिकेची कायम नोकरी लागली याचा त्यांना कोण अभिमान! मुलाच्या, सुदेशच्या, लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा मुलीच्या वडिलांनी जपून विचारलं, "पुढेमागे तुमचं कसं?" उत्तमराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमची काळजीच सोडा. आमच्या हिच्यामागं पेन्शन आहे, पालिकेची!"

घरी आल्यावर नंदाबाई म्हणाल्या, "अहो, मला ती पेन्शन नाही. नवीन लोकांना नाही ती."

"काहीतरी असेलच की. सरकार असं वाऱ्यावर सोडतं होय?"

निवृत्तीच्या आधी दोन महिने शिक्षकांचा संप झाला. नंदाबाईही मोर्चात गेल्या, ठाण्याच्या उन्हात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडून घसा बसवून आल्या. सुदेश तेव्हा म्हणाला होता, "आई, आहे ते कमी पडतंय का तुम्हाला? आमच्या कंपनीत तर काहीच नाही. आणि हे सगळं शेवटी आमच्या टॅक्समधूनच जाणार ना?" तो माजिवड्याला एका मालवाहतूक कंपनीत हिशेबाचं काम करायचा. जुनी पेन्शन म्हणजे काय आणि नवी म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मुलासमोर गरीब दिसायची त्यांना लाज वाटली.

एकरकमी पैसे आले आणि दोन महिन्यांत उत्तमरावांच्या छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन झालं, अर्ध्याहून जास्त पैसे त्यात गेले आणि त्या जानेवारीत माणूसही गेला. कळव्याची खोली भाड्याचीच होती. ती सोडून नंदाबाई डोंबिवलीला सुदेशच्या फ्लॅटवर राहायला आल्या.

फ्लॅट दोन खोल्यांचा. त्याचा हप्ता, सहा वर्षांची सान्वी, आणि सून ऐश्वर्या कल्याणच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याच्या कामाला. दिवसभर उभं राहून संध्याकाळी घरी आली की ती आधी जमिनीवर पाठ टेकायची, मग कुकर लावायची. वाईट मुलगी नव्हती. सासू राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं स्वतःच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला.

पहिल्या महिन्याच्या एक तारखेला नंदाबाईंनी तिच्या हातात पाकीट ठेवलं. वीस हजार.

"आई, हे काय?"

"पेन्शनचे. बाकीचे माझ्याजवळ ठेवलेत."

हे त्या का बोलल्या, त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही. उत्तमरावांनी दिलेला शब्द होता, त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. शिवाय रिकाम्या हातानं मुलाच्या घरात जेवायला बसायचं त्यांना जमेना. चार हजार तीनशे बँकेत आले होते, उरलेले त्यांनी ऑपरेशनमधून वाचलेल्या पैशातून काढले होते. एक महिना असं करू, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. पण दुसऱ्या महिन्यात ऐश्वर्यानं त्या भरवशावर सान्वीला इंग्रजी शाळेत घातलं. प्रवेशाचे म्हणून आणखी पैसे लागले, तेही नंदाबाईंनीच दिले. मग सांगणं राहूनच गेलं.

नीलाबाई अधूनमधून फोन करायच्या. पाकिटातल्या पैशांचं खरं काय ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. एकदा त्यांनी ठाण्याला घरी बोलावलं. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "नंदा, तू घरी सांगून टाक. असं किती दिवस चालणार?"

"सांगेन हो."

"मला दर महिन्याला बँकेचा मेसेज आला की तुझी आठवण येते. तेच धडे, तीच मुलं. माझी हुशारी काय, तर मी आधी जन्मले." त्यांनी नंदाबाईंचा हात धरला. "तुला काही लागलं तर..."

नंदाबाईंनी हात सोडवून घेतला. "नको हो ताई. तसं नका बोलू." त्यानंतर त्या नीलाबाईंकडे फिरकल्या नाहीत. फोन आला तरी दोन मिनिटांत ठेवायच्या.

त्या वर्षी मालमत्ता कर वाढणार अशी बातमी आली आणि सोसायटीची सभा बोलावली गेली. अध्यक्ष बाळ फणसे. सगळे त्यांना बाळकाका म्हणत. ते पतपेढीतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. पेन्शन नावाची गोष्ट त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती. मुलगा अनिमेष पुण्याला, तो पाठवेल त्यावर दोघं नवरा-बायको राहत.

"पाण्याला टँकर आपण मागवायचे, रस्त्यातले खड्डे आपण सोसायचे," बाळकाका म्हणाले. "मग कर जातो कुठे? पगारात आणि पेन्शनीत. शाळेत मुलं नाहीत, पण मास्तरांचे पगार चालू. मास्तर घरी बसले तरी चालूच! मी पस्तीस वर्षं काम केलं, मला कोण देतं?" मग नंदाबाईंकडे लक्ष गेल्यावर ते ओशाळले. "जगदाळे बाई, राग मानू नका. तुमच्याबद्दल नाही बोललो मी."

"नाही, नाही," नंदाबाई म्हणाल्या.

पालिकेला द्यायचं निवेदन तयार होतं. त्यावर सगळ्यांनी सह्या करायच्या होत्या. "बाईंना आधी वाचायला द्या," कुणीतरी म्हणालं, "शुद्धलेखन तरी नीट होईल." नंदाबाईंनी चष्मा लावला. तिसरा मुद्दा होता: शिक्षण विभागातील वेतन व निवृत्तीवेतन यांवरील खर्चाला आळा घालावा. त्यांनी 'निवृत्तीवेतन'मधला 'ती' ऱ्हस्व केला, खाली दोन ठिकाणी अनुस्वार दिले आणि सही केली. सोसायटीत राहायचं तर सही न करून कसं चालेल? सही न करावी तर कारण सांगावं लागलं असतं.

त्या रात्रीपासून त्या जेवणात भात सोडायला लागल्या. साखर वाढलीय म्हणाल्या. एका माणसाचा भात सोडून काय वाचणार, हे त्यांनाही कळत होतं.

पुढच्या जूनमध्ये त्यांचा मोबाइल पडून फुटला. रविवार होता. ऐश्वर्या सान्वीला घेऊन चित्रकलेच्या स्पर्धेला गेलेली. सुदेश जुन्या फोनमधलं सगळं नव्यात घालत जेवणाच्या टेबलाशी बसला होता. नंदाबाई गवार मोडत होत्या.

"आई, हे चार हजार तीनशे दर महिन्याला कसले येतात?"

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आणि पेन्शनचा मेसेज कुठंय? दुसरं खातं आहे का?"

"तीच पेन्शन," त्या म्हणाल्या.

सुदेशनं वर पाहिलं. त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं, तेव्हा त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला. "मग तू वीस कुठून देतेस?"

"निवृत्तीला आलेले ना. त्यातले."

"अगं, पण का? मला सांगितलं असतंस तर मी काय तुला घराबाहेर काढलं असतं?"

"तुझे बाबा बोलून बसलेले." मग त्या म्हणाल्या, "आणि तू म्हणाला होतास, आमच्या टॅक्समधून जातं."

सुदेशला ते बोललेलं आठवतही नव्हतं. त्यानं विचारलं, "किती महिन्यांचे उरलेत?"

"सात."

सुटल्यासारखं वाटेल असं नंदाबाईंना वाटलं होतं. आता हा ऐश्वर्याला सांगेल, ती चार दिवस घुमी राहील, मग सान्वीची शाळा बदलू, हप्ता लांबवू, काहीतरी मार्ग काढू. त्यांनी मनातल्या मनात सगळी तयारीही केली.

"ऐश्वर्याला नको सांगूस," सुदेश म्हणाला.

"अरे, पण..."

"नको. मी एक पर्सनल लोन घेतलंय. बाबांच्या वेळी, तुझे सगळेच पैसे त्यात जाऊ नयेत म्हणून. तिला माहीत नाही. तिचा सगळा हिशोब तुझ्या वीस हजारांवर चाललाय. ते थांबले तर दोन्ही गोष्टी एकदम बाहेर येतील." तो उठला आणि बेसिनवर तोंड धुऊ लागला. त्याचे केस मागून विरळ झालेले नंदाबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. "मी बघतो काहीतरी."

त्यानं बघितलं ते असं. कल्याणला एका हार्डवेअरवाल्याचं जीएसटीचं काम धरलं, शनिवार-रविवार. घरी सांगितलं, कंपनीत माणसं कमी केलीत, सुट्टीच्या दिवशीही जावं लागतं. नंदाबाईंचे पैसे सातव्या महिन्यात संपले, तेव्हापासून महिनाअखेरीस हार्डवेअरवाल्याकडून मिळालेली रोकड तो आईच्या कप्प्यात साड्यांखाली ठेवायचा. नंदाबाई त्यात स्वतःचे चार हजार घालायच्या आणि एक तारखेला पाकीट सुनेला द्यायच्या. सुनेच्या त्या पाकिटातून घर चालायचं. मायलेक त्याबद्दल एकमेकांशी बोलत नसत. बोलण्यासारखं उरलंही नव्हतं. सान्वी विचारायची, "पप्पा रविवारी घरी का नसतात?" तेव्हा नंदाबाई तिला पाढे म्हणायला लावायच्या.

एकदा त्या न सांगता जवळच्या एका क्लासमध्ये काम मागायला गेल्या. तिथली मुलगी, संचिता की कोण, नम्र होती. "मॅडम, आमच्याकडे सगळं इंग्लिश मीडियम आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही पालिकेच्या ना? तुम्हाला कशाला हवंय काम? गरजू मुली येतात आमच्याकडे, त्यांना घेतो आम्ही."

ऐश्वर्याची पाठ त्या हिवाळ्यात फारच धरली. मणक्यात गॅप आहे, उभं राहायचं काम सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी ती पट्टा बांधून जात राहिली. मग एका शनिवारी सकाळी, सुदेश कल्याणला जायला बूट घालत होता, तेव्हा ती मोबाइल हातात घेऊन बाहेर आली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"आई, महागाई भत्ता वाढला. पेन्शनवाल्यांनापण आहे, बातमीत आलंय. तुमचेही वाढतील ना?"

नंदाबाईंनी सुदेशकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता, त्यानं मान वर केली नाही.

"वाढतील," त्या म्हणाल्या. "फरक यायला वेळ लागतो गं थोडा."

"येऊ दे की सावकाश. येणार आहेत ना, झालं तर." ऐश्वर्या त्यांच्याजवळ येऊन बसली, पाठ सांभाळत, हळूच. "मी परवा रात्रभर विचार केला, आई. तुमचं हे पक्कं आहे म्हणून धीर आला. काल लॅबमध्ये सांगून आले, या महिनाअखेरीस सोडते म्हणून."

सुदेशनं एक नाडी बांधली, दुसरीही बांधली. मग पिशवी खांद्याला लावून, "येतो," म्हणून तो निघाला. नंदाबाई सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.