परशाच्या पाठीतलं लोखंड

माझा चुलत भाऊ परशुराम रेवाळे याच्या पाठीत लोखंड आहे, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते लोखंड तिथे काय करतं, हे मात्र एकाही शहाण्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण डॉक्टरांनी ते समजावून सांगितलं तेव्हा परशाच्या खाटेशी मी उभी होते. पण मी पडले शाळामास्तरीण. आमच्याकडे मास्तरणीचं ऐकतात ते फक्त चौथीपर्यंत.

परशा लोकांच्या बागांत आंबे काढायचा. अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात हापूसच्या कलमावरून त्याचा पाय घसरला आणि तो कातळावर बसल्यासारखा आपटला. कमरेच्या एका मणक्याचा चुरा झाला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून त्याला मुंबईला नेला. तिथे मोडक्या मणक्याच्या खालच्या-वरच्या मणक्यांत स्क्रू घालून दोन बाजूंनी सळया बसवल्या. परशाची बायको जनी शिकलेली नाही, म्हणून डॉक्टरांशी बोलायला मी गेले होते.

डॉक्टर तरुण होता, पण बोलायला कंटाळत नव्हता. त्याने परशाच्या बोटाचा मधला सांधा चिकटपट्टीने घट्ट बांधला आणि म्हणाला, "आता मूठ वळा." परशाने वळली. मधला सांधा हलेना, त्यामुळे त्याच्या शेजारचा सांधा जास्तच वाकला.

"तुमच्या पाठीचं आता असं आहे," डॉक्टर म्हणाला. "दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. बाहेरून चिवट, आतून मऊ. वाकलात, वळलात, की सगळ्या चकत्या थोडं थोडं वाटून घेतात. सळयांच्या मधल्या चकत्या आता हलणार नाहीत. त्यांच्या वाटणीचं वाकणं सळयांच्या लगेच वरच्या चकतीला करावं लागेल. तिला सांभाळा. सळया म्हणजे ताकद नव्हे."

परशाने मान डोलावली. मान डोलावण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही.

गावी आल्यावर वर्षभर तो पट्टा बांधून अंगणात फेऱ्या मारायचा. चुलीची फाटी, विहिरीचं पाणी, भाताची लावणी, सगळं जनीने अंगावर घेतलं. त्या वर्षीच्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरी आली तेव्हा परशा पडवीच्या खांबाला धरून उभा राहिला. आमच्या वाडीत पालखीचा पुढचा दांडा रेवाळ्यांचा. परशाचा बाप तो खांद्यावर घेऊन अंगणात पालखी नाचवायचा, बापानंतर परशा. ज्याने आमच्याकडची पालखी पाहिली नसेल त्याला सांगते, ती नुसती वाहून नेत नाहीत. ढोलाच्या तालावर गुडघ्यांत वाकायचं, कमरेतून मागे झुकायचं, गर्रकन वळायचं, आणि हे सगळं देवासकट तो भार खांद्यावर असताना. त्या दिवशी परशाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पुढच्या शिमग्याआधी बाबू आला. वाडीतल्या पालखी नाचवणाऱ्या पोरांचा हा म्होरक्या. तोंडाने गोड आणि डोक्याने रिकामा.

"परशादादा, आमची हाडं हाडाची, तुजी लोखंडाची," बाबू म्हणाला. "तू पुढं नाय तर कोण?"

मी तिथेच होते. म्हटलं, "बाबू, त्या सळया ओझी उचलायला घातलेल्या नाहीत. भार वरच्या चकतीवर जातो."

"तायनू, लोखंड काय शोभेला घातलानी?" बाबू हसला, आणि परशाही हसला. झाडावरून पडल्यापासून पहिल्यांदा त्याचा चेहरा खुलला होता. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती! आणि खरं सांगायचं तर गावाचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. घराला लोखंडी खांब घातला की घर मजबूत होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं. पाठ म्हणजे घर नव्हे, तिला दिवसभर वाकायचं असतं, हे कोण ध्यानात घेणार?

परशाने पुढचा दांडा घेतला. पालखी अशी नाचली की शेजारच्या वाडीतले लोक पाहायला आले. 'लोखंडी परशा' हे नाव तेव्हा पडलं. नाव पडलं की माणसाला त्या नावासारखं वागावं लागतं. मग बांधाचा चिरा हलवायचा असो की कुणाची होडी किनाऱ्यावर ओढायची असो, परशाला हाक. तो जायचा, आणि रात्री जनी त्याच्या पाठीला तेल चोळायची.

दुखणं हळूहळू आलं. आधी सकाळी उठताना, मग चप्पल घालताना. नंतर डाव्या मांडीपासून पोटरीपर्यंत मुंग्या यायला लागल्या. दोन हजार चारच्या शिमग्यात पालखी उतरवल्यावर त्याला सरळच होता येईना. जनी माझ्याकडे आली आणि ओट्यावर बसूनच राहिली. तिचा चेहरा इतका ओढलेला मी कधी पाहिला नव्हता.

"वन्सं, तुमीच काय ता बघा," ती म्हणाली. "मी दमले. ह्यांना धरून उठवायचं, आनी हे उटून परत ओझ्याखाली जायचे. माजं ऐकत नायत."

मी परशाला कोल्हापूरला नेला. एसटीत तो अर्धा वेळ उभाच होता, बसवत नव्हतं म्हणून. एक्स-रे, एमआरआय, सगळे फोटो काढले. हाडांच्या डॉक्टरांनी, हे वयस्कर होते, फोटो उजेडावर धरला. स्क्रू, सळया जिथल्या तिथे, नव्यासारख्या. त्यांच्या बरोबर वरची चकती मात्र चेपून पातळ झाली होती आणि मागच्या बाजूने बाहेर आली होती. बाकीच्या चकत्यांना काही झालं नव्हतं. मुंबईचा पोरगा बोटाला चिकटपट्टी बांधून जे बोलला होता, तेच तिथे दिसत होतं.

"लोखंड वाकलं नाय ना?" परशाने विचारलं.

"लोखंड वाकत नाही हीच तर अडचण आहे," डॉक्टर म्हणाले.

पर्याय दोन होते. आणखी एक ऑपरेशन करून सळया वरच्या मणक्यापर्यंत न्यायच्या, किंवा ओझं आणि पालखी कायमची सोडून व्यायामावर भागतंय का पाहायचं. पायाची ताकद अजून गेली नव्हती, म्हणून दुसरं चालण्यासारखं होतं.

"आनी वर नेल्या, तर त्याच्या वरची?" परशा म्हणाला.

"मग भार तिच्यावर. ती टिकेल किंवा टिकणार नाही. पण पालखी घेतलीत तर पाय जाईल, एवढं आजच सांगतो."

येताना घाटात परशा एकदाच बोलला. "ताय, दांडा सोडला तर मी काय उरलो गो?" मला त्याचा राग आला. घरात बायको मरमर मरते आहे, आणि ह्याला दांड्याची चिंता! पण आंबे काढणं कधीच सुटलं होतं. भाताच्या खाचरात उतरणं सुटलं होतं. पालखीला, नाहीतर कुणाची हाक आली तर तो लोखंडी परशा व्हायचा, एरवी घरात बसलेला माणूस. हेही मला दिसत होतं.

वर्षभर त्याने बाबूला काही सांगितलं नाही. जनी सांगू म्हणाली तर तिच्यावर खेकसला. "माज्या तोंडानं सांगेन," म्हणाला. मी आणि जनी, दोघी त्या शिमग्याची धास्ती घेऊन बसलो होतो. हा ऐनवेळी खांदा देईल, असंच आम्हाला वाटत होतं.

पालखी भर दुपारी आली. ढोल-ताशे अंगणात शिरले. जनी ओटीचं ताट घेऊन उभी होती. पुढच्या दांड्यापाशी बाबू होता. त्याने परशाला पाहिलं आणि जागा करून दिली.

परशा पुढे गेला. देवीला हात जोडले. मग तो मोठ्याने म्हणाला, "बाबू, माज्यानं होत नाय. पुन्यांदा होयाचा पन नाय."

ढोलाच्या गजरात ते किती जणांना ऐकू गेलं कोण जाणे. बाबूने "बरा, बरा" म्हणून मान हलवली आणि आपलाच खांदा पुन्हा दांड्याखाली घातला. पालखी उचलली गेली, नाचली, तशीच गर्रकन वळली. जनीने ओटी भरली, नारळ दिला. गुलाल उधळला. पोरं ओरडत शेजारच्या अंगणाकडे निघाली, पालखी त्यांच्यावरून डुलत गेली. सगळं दरवर्षीसारखं झालं.

जनी मट्कन पायरीवर बसली आणि रडायला लागली, सुटल्याचं रडणं. मला तिच्यासारखंच हलकं वाटत होतं. मी परशाला शाबासकी द्यायला वळले.

तो रिकाम्या अंगणाकडे बघत उभा होता.

"ताय," तो म्हणाला, "जरा तरी थांबतील, असा वाटला होता."