दिवेलागणीची शीळ

निवृत्तीनंतर मी घरबसल्या भाषांतरं करतो. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यातून सुरक्षेच्या सूचना येतात, त्या मी इंग्रजीतून गुजरातीत करून देतो. परवा एका सूचनेत 'फ्लाउट' हे क्रियापद आलं. 'नियम मोडू नये' एवढं लिहून मोकळा झालो असतो, पण शब्द उकरत बसायची मला खोड आहे. आणि खरं सांगायचं तर दांडिया बाजारातल्या या घरात दुपारी शब्दकोशाशिवाय माझ्याशी बोलणारं कोणी नसतं.

कोशात निघालं ते असं. हा शब्द बहुधा बासरी वाजवण्याच्या एका जुन्या क्रियापदावरून आला असावा. डच भाषेत त्याच्याच भाऊबंदातला एक शब्द शीळ घालण्यासाठी वापरतात, आणि पूर्वी तो टर उडवण्यासाठीही वापरत. म्हणजे चोरून नियम मोडणारा फ्लाउट करत नाही. नियम मोडायचा तो उघड, नियम करणाऱ्याच्या तोंडावर, त्याला डिवचत.

वाचून मला हसूच आलं. मी संसारभर दुसरं काय केलं होतं?

दिवेलागणीला घरात शीळ घालायची नाही, हा माझ्या बायकोचा नियम. लक्ष्मी आल्या पावली परत जाते म्हणे. मी नेमकी ती देवापुढे उभी राहिली की एका जुन्या गाण्याची चाल धरायचो. ती मागे न वळता, इथल्या गुजराती वळणाने म्हणायची, "अहो, चालो, बस करा आता. दिवा लागलाय." आवाज रागाचा असायचा, पण खांदे हसत असायचे. मग मी गप्प बसायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ती गेल्यापासून मी हा नियम अगदी इमानेइतबारे पाळत आलो. मोडून दाखवायचा कोणाला? माणूस गेलं की त्याचे नियमही मोडता येत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिने एकदा, फक्त एकदा मला रागवावं असं फार वाटतं.

त्या संध्याकाळी दिवा लावला आणि मुद्दाम शीळ घातली. ती जिथे अडवायची तिथे आपोआप थांबलो. शेजारचा टीव्ही चालू होता. घरात कोणी काही म्हणालं नाही. हट्टाने पुढे जायला ओठ जुळवले, तेव्हा लक्षात आलं की पुढची चाल मला येतच नाही. तिथून पुढे तिने मला कधी जाऊच दिलं नव्हतं.