मागच्या काचेची शिवण

जीपच्या मागच्या खिडकीला आम्ही काच म्हणायचो, पण ती काच नव्हेच. ताडपत्रीच्या हुडात शिवलेलं जाड, आरपार दिसणारं प्लास्टिक. उन्हाळ्यात हूड सोडवून गुंडाळून ठेवायचं आणि पावसाआधी पुन्हा बांधायचं, अशी ती गाडी. माझा थोरला भाऊ बोटीवरची नोकरी संपवून आमच्या गावी, नाट्याला, कायमचा आला, त्या वर्षी त्याने ती सेकंडहँड घेतली. मी जन्मभर एसटीचं स्टिअरिंग धरलेला माणूस. पहिल्याच दिवशी म्हटलं, "दादा, ही गाडी नव्हे, चाकं लावलेला तंबू आहे." तो म्हणाला, "तू गप रे. हिला शीड आहे. म्हणजे ही आपल्यातलीच."

आणि खरंच तो तिला होडीसारखीच वागवायचा. एका पावसात काचेच्या कडेची शिवण गळायला लागली, तर गाडी रत्नागिरीला न्यायची सोडून पठ्ठ्याने घरीच सगळी शिवण उसवली आणि पुन्हा घातली. तो बाहेर उभा, वहिनी आत बसलेली, दाभण इकडून तिकडे. इथवर ठीक होतं. पण पुढे त्याने काय केलं? होडीच्या फळ्यांना चोपडतात ते काजूच्या टरफलांचं तेल आणलं आणि सगळ्या शिवणीवर फासलं. "लाकडाला चालतं, जाळ्याला चालतं, मग हिला काय धाड भरलीय?" आता हसू नका. आमच्या गावात दहा जणांना विचारलं असतं तर दहाही जणांनी हेच सांगितलं असतं. पाणी नको असेल तर ते तेल, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान.

प्लास्टिकला ते ज्ञान नव्हतं. कडा चहासारख्या तपकिरी झाल्या. खालच्या कोपऱ्यात त्याने तेलाच्या हाताने दाबून धरलं होतं, तिथे त्याच्या अंगठ्याचा ठसा उठला तो उठलाच. रेघ न् रेघ दिसायची. त्याच्या अंगठ्याची सालं निघाली ती वेगळीच. आठवडाभर वहिनी त्याला माशातले काटे काढून द्यायची आणि वर म्हणायची, "जगभर बोटी हाकून आला, आणि बघा, एका खिडकीने हरवला."

दादा गेला तो जेट्टीवर. गप्पा मारता मारता खाली बसला आणि उठला नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, माझी बायको तर फार आधी गेलेली. घरात वहिनी आणि मी, दोघंच उरलो. वर्ष सरतंय तोवर वहिनीच्या पायांवर सूज चढली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या बसल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रत्नागिरीला.

मंगळवार आणि शुक्रवार. आडिवरे, पूर्णगडचा पूल, पावस, गोळप, भाट्याचा पूल. हा रस्ता मला झोपेतही येतो, पण झोप कुठली! बंद गाडीत वहिनीला मळमळायचं, एसीच्या वासानेच पोटात ढवळायचं. रिक्षात हाडं खिळखिळी व्हायची. शेजाऱ्यांनी गाडी देऊ केली तर, "दुसऱ्याच्या गाडीत उलटी झाली तर तोंड कुठे लपवू?" असं. जीपमध्ये मात्र मागच्या आडव्या बाकावर पाय लांब करून, उशीला टेकून ती बसायची. तोंड मागे, रस्त्याकडे. मी आरशात बघायचो. तिचा उजवा हात कायम त्या कोपऱ्यात असायचा, काचेवरच्या अंगठ्याजवळ. एकदा म्हटलं, "वहिनी, दांडा धरा हो, त्या प्लास्टिकला काय धरताय?" तर म्हणाली, "तुम्ही पुढे बघा, भावजी." तेव्हापासून मी पुढे बघायला लागलो.

यंदाच्या श्रावणात शिवण पुन्हा सुटली. तेलाने दोरा कडक होऊन ठिकठिकाणी तुटला होता. पाऊस मागून आला की पाणी सरळ तिच्या अंगावर. "भावजी, पाणी!" अशी हाक आली की मी गाडी बाजूला घ्यायचो, टॉवेल कोंबायचो, पुढे निघायचो, पूर्णगडला पुन्हा हाक. एका शुक्रवारी परत आलो तेव्हा ती भिजून थरथरत होती. रात्री ताप चढला. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती म्हणाली, "गाडी गळते. आता पुरे झालं जाणं."

सरळ आवाजात म्हणाली. बाजारातून कोथिंबीर नको सांगावं तशी. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "गाडी गळते म्हणून मरायचं काय?" मी ओरडलो. "मरायचं म्हणून कोण म्हणालं? जायचं नाय, एवढंच म्हणाले." मला कळत होतं ती काय म्हणतेय ते. आणि तिलाही कळत होतं मला कळलंय ते. हूड तिला निमित्त सापडलं होतं. मी ठरवलं, हे निमित्तच ठेवायचं नाही. शिवण नीट झाली की बघू काय बोलते ती!

त्याच दिवशी जीप घेऊन एकटाच रत्नागिरीला गेलो, सीटकव्हर आणि हूड शिवणाऱ्याकडे. त्याने कडेवर नख दाबलं, प्लास्टिक कट्कन बोललं. "काका, हे मेलंय. मशीनवर घातलं तर नवीन भोकं पडतील आणि तिकीट फाडावं तशी अख्खी काच हातात येईल. नवीन बसवू या. संध्याकाळपर्यंत गाडी न्या." मी हो म्हणणारच होतो. पण मला तो अंगठा दिसला. घरी फोन लावला. पलीकडून वहिनी म्हणाली, "काच बदललीत तर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाय." झालं! न बदलावी तरी जाणार नाही, बदलावी तरी जाणार नाही. मी त्या दुकानात उभ्या उभ्या दादाला, काजूला आणि काजूच्या तेलाला शिव्या घातल्या. तो कारागीर बिचारा हातातलं काम टाकून बघत राहिला. मग म्हणाला, "मग हाताने घाला. जुन्याच भोकांतून. एकही नवीन भोक पाडू नका. आत एक माणूस लागेल, बाहेर एक." त्याने मेण लावलेल्या जाड दोऱ्याचं रीळ दिलं आणि दाभण. "ऊन पडेल तेव्हाच बसा," म्हणाला, "थंडीत प्लास्टिक तडकतं."

श्रावणातलं ऊन म्हणजे पाहुण्यासारखं, येतं म्हणता म्हणता जातं. तीन दिवस वाट पाहिली. मंगळवार चुकला. मी घरातलं एकेक भांडं आपटून ठेवत होतो. चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर लख्ख पडलं. जीप दारापुढच्या खळ्यात काढली, काच उन्हात तापू दिली, आणि वहिनीला म्हटलं, "चला, आत बसा." वाटलं होतं नाही म्हणेल. पण ती उठली, पदर खोचला, आणि बाकावर जाऊन बसली. तिचा डावा हात डायलिसिसचा, त्याला जोर लावायचा नाही. उजव्याच हाताने ती दाभण घ्यायची आणि परत द्यायची.

मी बाहेरून जुनं भोक शोधून दाभण आत ढकलायची, तिने आतून ओढायची, शेजारच्या भोकातून मला परत. मधल्या प्लास्टिकमधून तिचा चेहरा दिसायचा, कडेला आला की तपकिरी व्हायचा. मला ते काम जमेना. भोक सापडायचं नाही, दोरा गुंतायचा, मी चिडायचो. ती आतून म्हणायची, "एवढी मोठी एसटी हाकलीत घाटातून, आणि सुई हाकता येत नाय?" "सुईला हॉर्न नसतो," मी म्हटलं. ती हसली. खूप महिन्यांनी हसली. दादा गेल्यावर तिच्या तोंडून तसा आवाज मी ऐकला नव्हता, आणि मला तिथेच रडायला आलं, मी दोऱ्याचा गुंता सोडवायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

"असंच बसलेलो आम्ही," ती आतून सांगत होती. "ते बाहेर, मी आत. जोरात ओढलं की म्हणायचे, हळू गो, शीड फाडशील. आणि तेल लावताना कसे ओरडले! अंगठा धरून खळ्यात नाचत होते. सगळी वाडी बघायला जमली."

शेवटी आम्ही त्या कोपऱ्याशी आलो. तिथे ठसा अगदी शिवणीला लागून होता आणि प्लास्टिक सगळ्यात कडक. मी दाभण धरून थांबलो. तडकलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. वहिनीने आतून तळहात त्या ठशावर ठेवला, ऊब द्यायला. जरा वेळाने म्हणाली, "घाला आता." घातली. तडकलं नाही.

आणि तेवढ्यातच ती बोलली. "भावजी, मी कंटाळले हो. अंगातलं रक्त बाहेर काढतात आणि आत घालतात. घरी येऊन एक दिवस पडून राहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तयारी. मी येईन. तुम्ही एवढं शिवलंत, मी येईन. पण एक दिवस मी नाय म्हणेन. तेव्हा भांडू नका."

तिचा हात अजून काचेवर होता. मला खूप काही बोलायचं होतं. माझं कोण आहे दुसरं, एवढंच खरं तर. पण मी म्हटलं, "दाभण द्या इकडे." तिने दिली.

गाठ मारून झाली तेव्हा मी विहिरीवरून बादल्या आणल्या आणि काचेवर सपासप पाणी मारलं. ती आतच बसून राहिली, बोटाने शिवण चाचपत. "नाय," ती म्हणाली. "कुठेच नाय." मी पुन्हा बादली मारली. "अहो पुरे, धुऊन काढताय काय मला!" तेल मात्र लावलं नाही. अख्ख्या गावाने सांगितलं लाव म्हणून, नाही लावलं.

मग ती येत राहिली. मंगळवार, शुक्रवार. श्रावण संपला, गणपती आले. गौरी जेवल्या त्या दिवशीसुद्धा ती दुपारी हॉस्पिटलात जाऊन आली आणि संध्याकाळी आरतीला उभी राहिली. भाद्रपदात गोळपच्या चढावर असा काही पाऊस झोडपायचा की वायपर थकायचे, आणि मी मागे ओरडायचो, "वहिनी, गळतं काय?" मागून यायचं, "नाय, कोरडं!" मला मोठा अभिमान वाटायचा. वाटायचं, आपण जिंकलो. निमित्त शिवून टाकलं आपण तिचं.

नवरात्र उठल्यानंतरचा शुक्रवार. मी जीप खळ्यात काढली, इंजिन चालू ठेवलं, उशी बाकावर लावली. वहिनी ओटीवर बसली होती. आंघोळ झालेली, नीट नेसलेली. म्हटलं, तयार आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज नाय, भावजी."

आकाश स्वच्छ होतं. गळायचा प्रश्नच नव्हता. मी म्हणणार होतो की शिवण बघा, काच बघा, सगळं कसं झकास झालंय. तोंड उघडलंही. पण तिने भांडू नका म्हटलं होतं. मी गेलो आणि इंजिन बंद केलं. परत येऊन तिच्या शेजारी ओटीवर बसलो. मग तिने विचारलं, "चहा टाकू?" मी म्हटलं, "मी टाकतो."

फार दिवस लागले नाहीत. शेवटी तिला धाप लागायची, तेव्हा मी हात जोडून म्हटलं, "चला ना हो," तर तिने फक्त नाही अशी मान हलवली. भांडलो नाही. आयुष्यात भांडणाशिवाय मला दुसरं काही जमलं नाही, आणि तेवढं एकदा ते मी केलं नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

तिच्या बाराव्याचं सामान आणायला रत्नागिरीला गेलो होतो. येताना गोळपच्या चढावर परतीचा पाऊस गाठला. विजा कडकडत होत्या, मागून वाऱ्यासकट पाणी येत होतं. अगदी तसाच पाऊस, जो तिच्या अंगावर यायचा. मागच्या बाकावर तांदळाची गोणी, नारळ, पत्रावळी. सवयीने तोंडातून गेलंच, "वहिनी, गळतं काय?"

गाडी बाजूला घेतली. मागे जाऊन बाकावर बसलो, ती बसायची तिथे. शिवणीवर हात फिरवला. टाका न् टाका जागेवर. पत्रावळींचा कागदसुद्धा भिजला नव्हता. कोपऱ्यात दादाचा अंगठा, आणि त्याच्याभोवती प्लास्टिक पुसट पांढरं झालेलं, तिचा हात दर खेपेला घासून.

मला त्या शिवणीचा इतका राग आला. एवढी कशाला पक्की राहिलीस, बाई? आता कोण बसलंय इथे? एक थेंब तरी येऊ द्यायचा होतास आत.