केसांचा पाऊण तास

माझे केस अप्पांकडून, म्हणजे वडिलांकडून आले. त्यांच्या घरच्या सगळ्यांचे असेच, दाट, राठ, कुरळे. ओले असताना खांद्यापर्यंत येणारे आणि वाळले की कानांशी गोळा होणारे. अप्पांनी स्वतःचे कायम बारीक कापून ठेवले, त्यामुळे त्यांना कधी अडचण झाली नाही. माझे मात्र कापायचे नाहीत, असं आईनं ठरवलं होतं.

आमचं घर म्हैसूरला, चामराजपुरमात. शाळा साडेआठची. पावणेसातला आई मला मागच्या दाराच्या पायरीवर बसवायची, आपण वरच्या पायरीवर बसायची आणि माझं डोकं गुडघ्यांमध्ये धरायची. तिथून पुढं पाऊण तास हलायचं नाही. आधी पाण्याचा हात, मग खोबरेल, मग केसांचे चार भाग. प्रत्येक भाग टोकाकडून सोडवत मुळाकडं न्यायचा. मुळापासून सुरुवात केली तर गुंता खाली सरकून घट्ट बसतो, हे तिला मी तीन-चार वर्षांची असतानाच कळलं असणार. शेवटी दोन वेण्या आणि लाल फिती. एवढं करूनही दुपारी कपाळावर बारीक बटा उभ्या राहायच्या आणि वर्गातल्या मुली ‘गुंगुरू’ म्हणायच्या. कानडीत कुरळ्या केसांना गुंगुरू म्हणतात. मला ते शिवीसारखं लागायचं.

रविवारची तर अख्खी सकाळ त्यातच जायची. आठला तेल, नऊला शिकेकाई, मग ओल्यातच गुंता काढणं, मग ऊन. दाट केस लवकर वाळत नाहीत, आणि ओले बांधले तर वास येतो. शेजारच्या मुली खेळून घरी परतायच्या तेव्हा मी अजून गच्चीवर केस पसरून बसलेली असायची.

आई एरवी कमी बोलणारी. समोरासमोर ती जेवणाचं बोलायची, शाळेचं विचारायची, बस. पण माझ्या पाठीमागं बसली की तिला बोलता यायचं. तिचा चेहरा मला दिसत नसे, माझा तिला दिसत नसे, आणि फणी एका लयीत चाललेली असे. तिच्याबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळं मी त्या पायरीवर, अंगणातल्या नळाकडं बघत ऐकलेलं आहे. तिचं माहेर हुणसूरचं. तिथं तंबाखू वाळवण्याच्या दिवसांत धुण्यालाही त्याचा वास लागायचा, हे तिनं तिथंच सांगितलं. मॅट्रिकनंतर तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी जागा मिळाली होती आणि ते पत्र तिच्या मोठ्या भावानं परस्पर परत पाठवलं, हेही तिथंच.

मी अकरा वर्षांची असेन. एका सकाळी उजवीकडची वेणी घालता घालता ती म्हणाली, “तुझ्या आधी मला एक मुलगा झाला होता. नऊ दिवस होता.”

मी वळून बघायला गेले, तर तिनं माझी हनुवटी धरून तोंड परत पुढं केलं.

“मान सरळ ठेव,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “त्याचे केस पण असेच होते. भिजलेल्या लोकरीसारखे.”

तिनं फीत बांधली आणि आम्ही उठलो. तो विषय परत निघाला नाही.

कॉलेज संपलं आणि हूटगळ्ळीच्या बाजूला एका कारखान्यात मला नोकरी लागली, तयार झालेले भाग तपासायच्या विभागात. कंपनीची बस सात वाजता कोपऱ्यावर यायची. केसांसाठी मला आणि आईला पाचला उठावं लागायचं. बावीस वर्षांची बाई आईच्या गुडघ्यात डोकं देऊन बसते याची मला लाज वाटायला लागली होती. स्वतः करून बघितलं, तर दीड तास लागला, हात दुखून आले आणि मागं गाठी राहिल्या त्या राहिल्याच. एकदा बस चुकली. त्यातच लग्नाचं बघणं सुरू झालं होतं. एका घरची आत्या चहा पिता पिता म्हणाली, “केस नेहमी असेच असतात, की आज न्हाली म्हणून?” तिच्या मनात वाईट नव्हतं, पण त्यांच्याकडून पुढं काही कळवणं आलं नाही आणि मी ते केसांवर टाकलं.

विभागातल्या एका मैत्रिणीनं केस सरळ करून घेतले होते. सकाळी दोन मिनिटं पुरतात म्हणाली. मी दुसऱ्या महिन्यात पार्लरची वेळ घेतली. आई म्हणाली, मी पण येते.

सहा तास लागले. आधी धुणं, मग क्रीम, मग पुन्हा धुणं, वाळवणं, आणि मग एकेक पातळ बट धरून गरम चिमट्यानं दाबत जाणं. क्रीमला सडलेल्या अंड्यासारखा वास होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. आई दाराजवळच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन सहा तास बसली. मध्ये एकदा पार्लरवालीनं तिला मासिक दिलं, ते तिनं उघडलं नाही. काम झाल्यावर मी आरशात बघितलं तर केस पाठीच्या मध्यापर्यंत आले होते, पाण्यासारखे सरळ. मला रडू आलं, इतका आनंद झाला.

“कसे दिसतात?” मी विचारलं.

“छान,” ती म्हणाली. “कोणातरी दुसरीचे वाटतात, पण छान.”

तीन दिवस पाणी लावायचं नाही, बांधायचं नाही, कानामागंही घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर आई पायरीवर तेलाची वाटी घेऊन बसली होती. मी म्हटलं, “आई, तीन दिवस तेल नको म्हणालीय ती.” “अय्यो, विसरलेच,” म्हणाली आणि वाटी आत घेऊन गेली. तीन दिवसांनंतरही त्या वाटीची गरज पडली नाही. सकाळी मी सव्वासहापर्यंत झोपायला लागले. तिला सांगितलं की आता तूही झोप. ती तशीच पाचला उठायची आणि अंगण झाडायची.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. सासर आमच्यासारखंच, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं मराठी घर. त्यांनी हूटगळ्ळीला नवीन घर बांधलं होतं, मला नोकरी जवळ पडली. माझ्या नवऱ्यानं मला सरळ केसांतच बघितलं होतं.

सरळ केलेले केस वेळ वाचवतात असं सगळे म्हणतात. सकाळचा वाचतो, हे खरं. पण मुळाशी नवीन केस कुरळेच येतात. चार महिन्यांत टाळूला लागून बोटभर फुगीर पट्टा दिसायला लागतो आणि पुन्हा पार्लरमध्ये पाच तास बसावं लागतं. मधल्या काळात पार्लरमध्येच तेल मुरवणं, वाफ, चिमटा हे असतंच, कारण केस तुटायला लागलेले असतात. कारखान्याला सुट्टी फक्त रविवारी. आणि चामराजपुरमला आईकडं जायचा वारही तोच. पार्लर आमच्या गल्लीपासून जवळ, म्हणून मी दोन्ही एकाच दिवशी करायचे. सकाळी दहाला पार्लर, तीनला आईकडं, पाचला परत. ती जेवायची थांबलेली असायची. आम्ही समोरासमोर बसून जेवायचो. ती विचारायची, सासूचे गुडघे कसे आहेत, नोकरीत त्रास नाही ना. मी विचारायचे, अप्पांचं बीपी काय म्हणतं. मग मी उठायचे.

अशी सहा वर्षं गेली.

एकदा फोनवर तिनं विचारलं, “येत्या रविवारी मोकळी आहेस का ग? सकाळची?”

“पार्लरची वेळ घेतलीय. का?”

“सुम्मने,” ती म्हणाली. सुम्मने म्हणजे उगीच. आमच्या घरी हा कानडी शब्द दिवसातून वीसदा यायचा.

“दुपारी येतेच की मी.”

“आयतु, बरं, ये.”

त्या दुपारी मी गेले. तिनं वाढलं, स्वतः दोन घास खाल्ले. मी म्हटलं, बारीक झालीस. ती म्हणाली, उन्हाळा आहे. नवीन क्रीममुळं माझी टाळू चुरचुरत होती, आणि माझं अर्धं लक्ष तिकडंच होतं, हे मला चांगलं आठवतं.

त्यानंतर पाच महिन्यांनी ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. अप्पांनी फोन केला. दवाखान्यात पोटाच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर मध्यमवयीन होते, शांत. त्यांनी तिला कानडीत विचारलं, दुखणं कधीपासून आहे.

“झालं असेल एक वर्ष,” आई म्हणाली.

पोटातली गाठ मोठी झाली होती आणि आजूबाजूला पसरली होती. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, दुखणं कमी ठेवता येईल, एवढंच त्यांनी सांगितलं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मी तिला म्हटलं, “वर्षभर दुखत होतं आणि तू बोलली नाहीस?”

“बोलणार होते.”

“मग?”

“कधी बोलू? तू बसतीस कुठं?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत असल्यासारखं विचारलं.

“त्या रविवारी मोकळी आहेस का म्हणाली होतीस,” मी म्हटलं. “त्यासाठी?”

“डॉक्टरकडं जायचं होतं. एकटीला भीती वाटली.” मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “इरली, असू दे. आता काय त्याचं.”

मी रजा टाकली आणि चामराजपुरमला राहायला आले. साडेतीन महिने. त्यात पार्लरला गेले नाही. मुळाचे केस दोन बोटं वर आले, खाली सरळ आणि वर कुरळे, आणि जिथं दोन्ही जुळतात तिथून मूठ मूठ तुटायला लागले. मला त्याचं काही वाटायचं नाही. मला फक्त एक हवं होतं, तिनं बोलावं. एका सकाळी मी तिच्या पलंगाला टेकून, तिच्याकडं पाठ करून खाली बसले. जुन्यासारखं. मला वाटलं, अशी बसले तर तिला बोलता येईल.

मग तिनं माझ्या खांद्याला बोट लावलं.

“पाठ करून का बसलीस? इकडं ये. तोंड दिसू दे.”

मी उठून समोर खुर्चीवर बसले. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि तशीच झोपी गेली. पुढच्या आठवड्यांतही ती बोलायची ते औषधाचं, पाण्याचं, अप्पांच्या जेवणाचं. तिचं कुठलंही जुनं मला परत ऐकायला मिळालं नाही. एका गुरुवारी सकाळी, मी गरम पाणी घेऊन आले तेव्हा ती गेलेली होती. अप्पा शेजारी बसले होते. त्यांना कळलं नव्हतं.

तेराव्यानंतर मी केस कापून टाकले, सरळ भाग सगळा. पार्लरवाली तयार होईना. “इतकी वर्षं सांभाळलेले,” म्हणत होती. मी कारण सांगितलं नाही. डोक्यावर जेमतेम दोन-तीन बोटं उरले. घरी गेल्यावर माझा नवरा क्षणभर दारात थबकला आणि म्हणाला, “हे असे आहेत होय.” लग्नाला सात वर्षं होत आली होती. मग तो म्हणाला, “चांगले दिसतात.” मला ते खोटं वाटलं नाही, पण त्या दिवशी ऐकवलंही नाही.

आता ओले असताना केस परत खांद्यापर्यंत येतात. ते माझे मीच करते. शिकायला दोन वर्षं लागली. ओल्यातच करायचे, टोकाकडून. रोज अर्धा तास, रविवारी सकाळ. मी उशिराची पाळी मागून घेतली आहे. लोक विचारतात, एवढा वेळ कसा काढतेस. मी काहीतरी सांगते.

अप्पा आमच्याकडंच हूटगळ्ळीला असतात. मध्यंतरी एकदा मी त्यांना विचारलं, त्या वर्षभरात तुम्हाला काही बोलली होती का. त्यांनी वर्तमानपत्राची घडी करून ते खाली ठेवलं.

“दुपारी पोटाशी उशी धरून झोपायची,” ते म्हणाले. “मी विचारलं तर म्हणायची, अशी झोप चांगली लागते.”

“आणि नऊ दिवसांचा तो मुलगा?” मी विचारलं. “त्याचं नाव ठेवलं होतं का?”

अप्पांनी चमकून वर बघितलं. मला हे माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

“बाराव्या दिवशी ठेवणार होतो,” ते म्हणाले. “तिनं मनात काही ठरवलं होतं बहुतेक. मी विचारलं नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मी त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले.